दौलत आणि खासगी : अहिल्याबाईंच्या दोन हिशेबांची गोष्ट

१.
पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी होळकर वाडा उभा आहे. आत राममंदिर आहे. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी या परिसरातून जातात. सोलापूर जिल्ह्यात अहिल्याबाई होळकरांची ही सर्वांत ठळक खूण. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये त्यांचे नाव मिळाले, ही दुसरी खूण. पंढरपूरचा वाडा, काशीचे मंदिर, गयेचे विष्णुपद हे सारे कोणी उभारले, ते आपण शाळेतच शिकतो. आजच्या थ्रेडचा प्रश्न वेगळा आहे : यासाठी पैसा कोणाचा होता?

२.
या प्रश्नावर समाजमाध्यमांत दोन ठरलेली उत्तरे फिरतात. एक म्हणते, राज्याची तिजोरी देवळांवर रिकामी केली. दुसरे म्हणते, सगळे स्वतःच्या पदरच्या पैशाने केले. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, पण अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवस्था समजून घेतल्याशिवाय त्यांपैकी एकही नीट कळत नाही. त्यासाठी दोन शब्दांपासून सुरुवात करू : दौलत आणि खासगी.

३.
आज ‘दौलत’ म्हणजे संपत्ती आणि ‘खासगी’ म्हणजे वैयक्तिक. तेव्हाच्या कागदपत्रांत ‘होळकरांची दौलत’ म्हणजे होळकरांचे राज्य : मुलूख, महसूल, फौज, कारभार. ‘खासगी’ म्हणजे सरदाराच्या घराण्यातील मुख्य स्त्रीच्या नावे स्वतंत्र तोडून दिलेले उत्पन्न. त्याची गावे वेगळी, कारभारी वेगळे, जमाखर्च वेगळा. दौलतीच्या पैशावर फौजेचा आणि पेशवे सरकारचा हक्क पोहोचत असे. खासगीच्या पैशावर तो पोहोचू नये, अशी मूळ योजना होती.

४.
ही योजना मल्हारराव होळकरांची. माळव्याचा मुलूख त्यांना सरंजाम म्हणून मिळाला होता, म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात. चाकरी संपली किंवा धन्याची मर्जी फिरली, तर सरंजाम जप्त होऊ शकत असे. मग कुटुंबाने खायचे काय? म्हणून मल्हाररावांच्या विनंतीवरून पहिल्या बाजीरावांनी जानेवारी १७३४ मध्ये त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये होते आणि तिची गावे माळव्यात व दख्खनेत विखुरलेली होती. हे तीन लाख लक्षात ठेवा. थ्रेडच्या शेवटी आपण त्यांच्याकडे परत येणार आहोत.

५.
याच सुमारास, १७३३ मध्ये, होळकरांच्या घरात सून आली. अहिल्या, चौंडी गावच्या माणकोजी शिंदे यांची कन्या, जन्म ३१ मे १७२५. चौंडी आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे; सोलापूर जिल्ह्याची हद्द तिथून फार दूर नाही. मल्हाररावांचे पुत्र खंडेराव हे तिचे पती. १७५४ मध्ये सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला पडलेल्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जाण्यापासून त्यांना सासऱ्यांनी परावृत्त केले.

६.
त्यानंतरच्या बारा वर्षांत मल्हाररावांनी सुनेला कारभार शिकवला. १७६५ मधील त्यांची पत्रे पाहिली म्हणजे हे शिक्षण केवळ जमाखर्चाचे नव्हते, हे ध्यानात येते. तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जावे, दारूगोळ्याची तजवीज करावी, वाटेत चौक्या बसवाव्यात, अशा सूचना सासरा सुनेला लिहितो आहे. पुढे १७६७ मध्ये कारभार हाती घेणारी स्त्री अचानक पडद्याआडून बाहेर आलेली नव्हती. तिच्या मागे एका तपाची उमेदवारी होती. गौतमाबाई १७६१ मध्ये वारल्या आणि खासगीही अहिल्याबाईंकडे आली.

७.
मे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव निवर्तले. अहिल्याबाईंचे पुत्र मालेराव गादीवर आले आणि १७६७ मध्ये तेही आजाराने गेले. (आईने मुलाला हत्तीच्या पायी दिल्याची कथा तुम्ही ऐकली असेल. तिला आधार नाही.) एका वर्षाच्या आत दोन मृत्यू, वारस नाही आणि भरलेला खजिना : अशा घरावर नजरा वळल्या नसत्या तरच नवल. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की एखादे मूल दत्तक घ्यावे आणि कारभार त्यांनी पाहावा. रघुनाथराव पेशव्यांचा त्यांना पाठिंबा होता.

८.
अहिल्याबाईंनी नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन निघाले, तेव्हा त्यांनी पाठवलेल्या झणझणीत निरोपाच्या अनेक कथा प्रसिद्ध आहेत. त्यांतील वाक्ये पुढच्या पिढ्यांनी घडवली असणे शक्य आहे. निकाल लावला तो दोन गोष्टींनी. इतर मराठा सरदारांनी एका घराण्याचा हक्क असा हिरावून घेण्यास साथ दिली नाही, कारण आज होळकर तर उद्या आपण, हे त्यांना कळत होते. आणि पुण्यातून थोरल्या माधवराव पेशव्यांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला.

९.
मग जी व्यवस्था झाली, ती मराठा इतिहासात विरळा आहे. मल्हाररावांच्या पदरचे अनुभवी सेनानी तुकोजी होळकर यांना सुभेदारीची वस्त्रे मिळाली. फौज आणि मोहिमा त्यांच्याकडे. मुलकी कारभार, खजिना आणि खासगी अहिल्याबाईंकडे. राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला. तुकोजी वर्षानुवर्षे दख्खनेत किंवा उत्तर हिंदुस्थानात मोहिमांवर असत आणि तिथल्या परगण्यांचा वसूल तेच पाहत. माळव्याचा गाभा अहिल्याबाईंच्या थेट देखरेखीखाली राहिला. हा कारभार त्यांनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षे केला.

१०.
या कारभाराचे एक महत्त्वाचे वर्णन सर जॉन माल्कम यांच्या १८२३ च्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात आहे. माल्कम ब्रिटिश अधिकारी. त्याचे हेतू त्याचे. पण १८१८ नंतर माळव्यात असताना अहिल्याबाईंची राजवट स्वतः पाहिलेल्या माणसांकडून त्याने माहिती गोळा केली होती. तो लिहितो की बाई रोज खुल्या दरबारात बसून फिर्यादी ऐकत. जमीन महसूल माफक ठेवत आणि गावच्या वतनदारांचे जुने हक्क सांभाळत.

११.
डोंगरातल्या भिल्लांचा प्रश्नही असाच सोडवला गेला. वाटमारी करणाऱ्यांवर आधी सक्ती झाली. मग डोंगरातून जाणाऱ्या मालावर ‘भिलकवडी’ नावाची लहानशी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य करण्यात आला. त्या बदल्यात आपापल्या हद्दीतील वाटसरूंच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. व्यापारी निर्धास्त झाले की जकात वाढते, हे साधे गणित त्यामागे होते. दौलतीचे उत्पन्न कर वाढवून नव्हे, वाटा मोकळ्या करून वाढवण्याची ही रीत.

१२.
आता आपल्या मूळ प्रश्नाच्या जवळ जाणारी एक हकिकत. निपुत्रिक सावकार मेला की त्याच्या संपत्तीत सरकारने हात घालायचा, हा त्या काळचा सर्वत्र रूढ प्रकार. इंदूरला देवीचंद नावाचा श्रीमंत सावकार वारला. तुकोजींचा तळ जवळच होता आणि फौजेला पैसा नेहमीच हवा असे. त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा महेश्वरला गेली. अहिल्याबाईंनी तिचा वारसा कायम केला आणि तुकोजींना निरोप गेला : इंदूरवरून हात काढा. माल्कम सांगतो, तुकोजींनी तो मुकाट्याने मानला.

१३.
दुसरी हकिकत खरगोणची, तीही माल्कमनेच नोंदवलेली. दोन सावकार भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी आपण होऊन सारी संपत्ती बाईंना देऊ केली. बाईंनी ती घेतली नाही. लोकांच्या उपयोगी पडेल असे काही करा, असा सल्ला दिला. त्या पैशातून नदीला घाट आणि गणपतीचे मंदिर झाले. सरकारला सहज मिळू शकणारा पैसा येथे दौलतीतही गेला नाही आणि खासगीतही नाही. ज्यांचा होता, त्यांच्याच नावे तो खर्च झाला. स्वतः विधवा असलेल्या राज्यकर्तीने विधवांच्या मालमत्तेबाबत घेतलेली ही भूमिका त्यांच्या कोणत्याही देवळापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

१४.
आता खासगीकडे वळू. अहिल्याबाईंच्या दानधर्माचा मुख्य आधार हा हिशेब होता. काशीत विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास उभे राहिले. सोमनाथला जुन्या भग्न मंदिराशेजारी नवे मंदिर १७८३ मध्ये झाले, गयेला विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये. काशीचा मणिकर्णिका घाट, महेश्वरचे घाट, पंढरपूरचा वाडा, ठिकठिकाणच्या धर्मशाळा, विहिरी, अन्नछत्रे ही यादी लांबत जाते. त्यांतली बरीच कामे होळकरांच्या राज्याबाहेरची होती, हे विशेष. १७७५ नंतर काशी तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेली होती.

१५.
दुसऱ्याच्या राज्यात बांधकाम करायचे तर फौज उपयोगाची नसते. तिथल्या सत्ताधीशाची संमती, जागेची खरेदी, विश्वासू कारभारी आणि न चुकता पोहोचणारी हुंडी लागते. शिवाय बांधून भागत नाही. पूजा, दिवाबत्ती, अन्नदान, डागडुजी यांसाठी दरसाल पैसा लागतो. यासाठी अनेक ठिकाणी कायमच्या नेमणुका लावून दिल्या गेल्या. गंगेचे पाणी दक्षिणेतील दूरच्या देवस्थानांना पोहोचवण्याची व्यवस्था याच स्वरूपाची होती. लढाईत बुडू न शकणारे उत्पन्न असल्याशिवाय अशी आश्वासने देता येत नाहीत. खासगीचा हिशेब वेगळा असण्याचे खरे महत्त्व येथे आहे.

१६.
या दानात देवाइतकेच माणसाला आणि जनावरालाही स्थान होते. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी मिळे. शेतात नांगर ओढणाऱ्या बैलांना बाईंचे नोकर पाणी पाजत. हिवाळ्यात आश्रितांना कपडे मिळत. पाखरांनी निर्धास्त चरावे म्हणून उभी शेते विकत घेतली जात, असेही माल्कम नोंदवतो. महेश्वरला विणकर आणून वसवले गेले आणि तिथली साडी आजही त्या गावाचे पोट भरते.

१७.
आता दुसरी बाजू, कारण ती टाळून इतिहास होत नाही. पहिली गोष्ट : खासगी वेगळी असली तरी ती आकाशातून पडत नव्हती. खासगीच्या गावांतला शेतकरीही साराच भरत होता. शिवाय मल्हाररावांच्या साठवलेल्या खजिन्यावर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला वाहिला, अशी हकिकत माल्कमपासून सांगितली जाते. तो खजिना मोहिमांतून जमलेला होता. तेव्हा ‘स्वतःच्या पदरचा पैसा’ हे शब्द आजच्या अर्थाने वापरता येत नाहीत.

१८.
दुसरी गोष्ट तुकोजींची. फौज त्यांच्याकडे आणि पैसा महेश्वरला, हा पेच अठ्ठावीस वर्षांत कधीच सुटला नाही. तुकोजी मोहिमेवरून खर्चाला पैसे मागत. बाई आधी वसुलाचा हिशेब मागत. महेश्वर दरबाराच्या बातमीपत्रांतून, म्हणजे तिथल्या बातमीदारांनी लिहून पाठवलेल्या पत्रांतून, ही कुरबूर पुण्यापर्यंत पोहोचत होती. बाईंच्या दृष्टीने हिशेब न देणारा सेनापती बेजबाबदार होता. तुकोजींच्या दृष्टीने उपाशी शिपायांना हिशेबाच्या वह्या दाखवून भागत नव्हते. दोघांचेही म्हणणे अगदीच चूक नव्हते.

१९.
याची किंमत पुढे मोजावी लागली. महादजी शिंद्यांनी युरोपीय पद्धतीच्या कवायती पलटणी मोठ्या प्रमाणावर उभारल्या. होळकर त्यात मागे पडले. जून १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या पलटणींनी तुकोजींच्या फौजेचा दारुण पराभव केला. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या, दोन वर्षांनी तुकोजी गेले, आणि वारसांच्या यादवीत होळकरांचे राज्य होरपळले. सुव्यवस्थित मुलकी कारभाराला तोलामोलाच्या फौजेची जोड देता आली नाही, ही या राजवटीची उणीव मान्य करावी लागते.

२०.
घरातही वारस उरला नव्हता. नातू नथ्याबा गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि एकुलती कन्या मुक्ताबाई सती गेली. आईने विनवूनही ती थांबली नाही. सदतीस वर्षांपूर्वी स्वतः चितेपासून मागे फिरलेल्या स्त्रीला हे पाहावे लागले. अठ्ठावीस वर्षांत जे उभे केले, ते सांभाळायला रक्ताचे कोणी मागे नव्हते. मग ते टिकले कसे?

२१.
टिकले ते त्या वेगळ्या हिशेबामुळे. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा मुलूख आक्रसला आणि राज्य इंग्रजांचे मांडलिक झाले, पण खासगी हे खाते चालू राहिले. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारत संघात विलीन झाले. तेव्हा खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि त्या बदल्यात धर्मादायांसाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला ठेवण्याचे सरकारने मान्य केले. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे दिलेले सुमारे तीन लाख आठवतात? हे आकडे जवळपास येणे हा योगायोग असेल, रुपयाचे मोलही दोनशे वर्षांत पार बदलले होते. पण एका मराठा सरदाराच्या पत्नीचे खाते स्वतंत्र भारताच्या दस्तऐवजात स्वतंत्र खाते म्हणूनच उतरले, हा योगायोग नव्हे.

२२.
१९६२ मध्ये या धर्मादायांसाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. देशभरातील २४६ मालमत्ता तिच्याकडे आल्या : देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या. पुढे हरिद्वारच्या एका घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला आणि न्यायालयात नेमका आपल्या थ्रेडचाच प्रश्न उभा राहिला : हे सारे कोणाचे? राजघराण्याचे, सरकारचे की लोकांचे? जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा सार्वजनिक न्यास आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि मालमत्तांच्या विक्रीचीही तपासणी झाली पाहिजे.

२३.
तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. राज्यकारभाराचा पैसा आणि लोकसेवेचा पैसा अहिल्याबाईंनी दोन वह्यांत ठेवला. दोन्हींचा उगम अखेर रयतेच्याच श्रमात होता, हे खरे. पण पहिल्या वहीतून उधळपट्टी नाही आणि दुसरीला सेनापतीचाही हात लागणार नाही, हा दंडक त्यांनी अठ्ठावीस वर्षे पाळला. सत्ताधाऱ्याची मर्जी हाच कायदा असण्याच्या काळात, सत्ता हाती असलेल्या व्यक्तीने स्वतःवर घातलेले हे बंधन होते.

२४.
पुढच्या वेळी पंढरपूरला गेलात तर होळकर वाड्यासमोर क्षणभर थांबा. ‘खासगी’ या शब्दाचा प्रवासही आठवा. एका सरदाराने कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी मागून घेतलेले खासगी उत्पन्न त्याच्या सुनेने लोकांसाठी खर्च केले, आणि अडीचशे वर्षांनी न्यायालयाने त्यावर ‘सार्वजनिक’ अशी मोहोर उमटवली. तुमच्या गावात होळकरांची बारव, घाट वा धर्मशाळा असेल, तर तिची आजची स्थिती खाली जरूर लिहा.